हिवाळा सरल्यावरही गाडीत राहणारी ओल आणि कुबट वास : आधी कारण, मग सफाई

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील टोरंटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन या भागांत एप्रिलमध्ये बर्फ ओसरला की ओळखीच्या मराठी कुटुंबांकडून दरवर्षी एकच तक्रार माझ्यापर्यंत येते. गाडी महागडी असते, काचेचे मोठे छत आणि जाड कार्पेट असलेली असते, हिवाळा संपल्यावर ती आतून-बाहेरून स्वच्छ करून घेतलेली असते, आणि तरीही काही आठवड्यांत तिच्यात पुन्हा कुबट वास येऊ लागतो आणि सकाळी काचा आतून धुरकट होतात. मग पुन्हा शॅम्पू, पुन्हा सुगंधी फवारा, आणि पुन्हा तोच वास. असे होते याचे कारण सफाई वाईट झाली हे क्वचितच असते. पाणी कुठून आले आणि मीठ कुठे साठले हे न पाहता सफाई केलेली असते, हे खरे कारण असते. म्हणून या लेखात चमक आणण्याचा भाग शेवटी आणि थोडक्यात आहे. ओलीचा माग काढण्याचा भाग सविस्तर आहे.

लक्षणे

सर्वांत आधी दिसणारे लक्षण म्हणजे समोरच्या काचेवर आतून जमणारे बाष्प. थंडीच्या दिवसांत त्याचाच आतून बर्फाचा थर होतो. दुसरे लक्षण म्हणजे पंखा सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे येणारा आणि नंतर विरणारा कुबट वास. तिसरे लक्षण हातानेच कळते : कार्पेट वरून कोरडे लागते, पण तळव्याने जोरात दाबल्यावर खालून गारवा किंवा पाणी वर येते. महाग गाड्यांत आवाज अडवण्यासाठी कार्पेटखाली फोमचा जाड थर असतो. तो कित्येक लिटर पाणी शोषून धरतो आणि वरच्या कापडाला त्याची वार्ताही लागू देत नाही.

कार्पेटवर, पेडलांच्या बाजूला किंवा दाराच्या उंबऱ्यापाशी पांढरी वलये दिसत असतील तर ते मीठ आहे. गाडी वळवताना किंवा ब्रेक लावताना पाणी हिंदकळल्याचा आवाज आला, तर ते दाराच्या पोकळीत, उंबऱ्याच्या पोकळीत किंवा डिकीच्या तळाशी साचलेले आहे. याच सुमारास सीटची मेमरी विसरणे, डिकी आपोआप न उघडणे, पार्किंग सेन्सरचा विनाकारण इशारा किंवा उभ्या गाडीची बॅटरी उतरणे असे विजेचे चमत्कारिक प्रकार सुरू झाले असतील, तर ती बाब गंभीर आहे. अशा गाड्यांत अनेक नियंत्रण-पेट्या सीटखाली, कार्पेटखाली किंवा डिकीच्या कडेला खाली बसवलेल्या असतात, आणि पाणी नेमके तिथेच उतरते.

वासाचाही नीट विचार करावा. ओलसर, बुरशीसारखा वास म्हणजे पाणी. गोडसर वास, काचेवर आतून तेलकट पापुद्रा आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) घटती पातळी ही तिन्ही एकत्र दिसली तर ती हीटरमधील गळती आहे. तसे असेल तर पुढील तपासण्या करत बसू नये; गाडी वर्कशॉपमध्ये न्यावी.

ओल परत का येते

हिवाळ्यात येथील रस्त्यांवर मिठाचा प्रचंड वापर होतो. ऑन्टारिओतच गोडरिच येथे ह्यूरॉन सरोवराच्या तळाखाली जगातील सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. रस्त्यावर मुख्यतः साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड टाकतात. पण पारा उणे दहाच्या खाली गेला की ते फारसे काम करत नाही, म्हणून कडक थंडीसाठी, आणि विशेषतः घरांच्या पायऱ्या, दुकानांची दारे व पदपथ यांच्यासाठी, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड असलेली मिश्रणे वापरली जातात. बुटांच्या तळव्यांना चिकटून गाडीत येणारे मीठ बऱ्याचदा हे दुसऱ्या प्रकारचे असते.

हा फरक महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात आपल्याकडे स्वयंपाकघरातील मिठाला पाणी सुटते, त्यामागेही बव्हंशी त्यात राहिलेले मॅग्नेशियम क्लोराइडच असते. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोहोचल्यावर पाणी ओढू लागते, तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड साधारण ३० ते ३५ टक्क्यांपासूनच ओढतात. म्हणजे कार्पेटच्या फोममध्ये हे क्षार राहिले असतील, तर एकही थेंब बाहेरून न येता तो फोम मे-जूनच्या दमट हवेत पुन्हा ओला होतो. वरवरच्या शॅम्पूने मीठ निघत नाही. ते विरघळून आणखी खाली जाते. म्हणून 'धुतली, वाळवली, तरी पुन्हा ओल' या तक्रारीची दोनच मुळे संभवतात, आत राहिलेले मीठ किंवा चालू असलेली गळती, आणि दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

पहिली तपासणी : कागद आणि नोंद

यासाठी खर्च नाही, आणि हीच तपासणी लोक सर्वांत जास्त वेळा टाळतात. सर्व मॅट बाहेर काढावेत. खोलगट रबरी मॅटखालीही पाहावे, कारण मॅटच्या काठावरून ओसंडलेले पाणी खाली अडकले की वर वाळायला वावच राहत नाही. मग पुढच्या-मागच्या चारही पाय ठेवायच्या जागांवर आणि डिकीच्या तळाच्या खळग्यात कोरडे कागदी टॉवेल घडी करून ठेवावेत, त्यांवर एखादे जड पुस्तक ठेवावे आणि गाडी रात्रभर बंद ठेवावी. सकाळी कोणता कागद किती भिजला आणि आदल्या दिवशी हवा कशी होती, हे लिहून ठेवावे. आठवडाभर असे केले की बहुतेक वेळा उत्तर समोर येते.

पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतरच कागद भिजत असेल, तर गळती बाहेरून आहे. पाऊस नसताना केवळ दमट दिवशी भिजत असेल, तर मीठ आहे. एसी बराच वेळ चालवल्यावर पुढे उजवीकडे, म्हणजे येथील गाड्यांत चालकाशेजारच्या प्रवाशाच्या पायांपाशी भिजत असेल, तर एसीच्या पाण्याचा निचरा तुंबला आहे. फक्त चालकाच्या टाचेखाली ओल असेल आणि बाकी गाडी कोरडी असेल, तर ते बुटांवरून आलेले बर्फाचे पाणी आहे आणि गळती शोधण्यात वेळ घालवण्याची गरज नाही.

याच वेळी हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण सुरू राहिलेले नाही ना, तेही पाहावे. हिवाळ्यात गाडी लवकर तापावी म्हणून ते दाबले जाते आणि तसेच राहते. मग श्वासातील आणि कपड्यांवरील सगळे बाष्प आतच कोंडते. डिसेंबर-जानेवारीत भारतात जाऊन येणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विमानतळावर निघण्याच्या घाईत ओले मॅट तसेच ठेवून गाडी महिनाभर बंद राहते, आणि परतल्यावर जाणवणारा वास पुष्कळदा तेवढ्यानेच आलेला असतो.

दुसरी तपासणी : केबिन फिल्टर

हा फिल्टर बहुधा हातमोज्यांच्या कप्प्यामागे असतो, तर काही गाड्यांत बॉनेटखाली, समोरच्या काचेच्या पायथ्याशी. तो काळवंडलेला, ओला किंवा पानांच्या चुऱ्याने भरलेला असेल तर बदलावा. धुऊन पुन्हा बसवू नये. मात्र बदलण्याआधी तो कुठे ओला आहे हे पाहावे. फिल्टर ओला असणे म्हणजे हवेच्या मार्गात पाणी शिरते आहे असा पुरावा आहे. बॉनेटखालच्या फिल्टरचे झाकण किंवा त्याची रबरी कड मागच्या सर्व्हिसच्या वेळी नीट बसवली गेली नसेल, तर पावसाचे पाणी थेट पंख्यात आणि तिथून कार्पेटखाली जाते. नवा फिल्टर घालून वास चार दिवस कमी होईल, पण ही कड तपासल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये.

तिसरी तपासणी : काचेच्या पायथ्याची पन्हळ

वायपरच्या खाली, बॉनेट आणि समोरची काच यांच्यामध्ये पाण्याची एक पन्हळ असते. ऑक्टोबरमध्ये मेपलची पाने तिच्यात पडतात, बर्फाखाली दबतात आणि एप्रिलपर्यंत त्यांचा लगदा होऊन निचऱ्याच्या भोकांवर बसतो. बॉनेट उघडून हाताने किंवा व्हॅक्यूमने तो पूर्ण काढावा आणि मग एक मग पाणी हळू ओतून ते पुढच्या चाकांच्या मागे खाली पडते का, हे पाहावे. पाणी तुंबून राहिले तर निचऱ्याचे रबरी तोंड अडलेले आहे.

या तपासणीला मी विशेष महत्त्व देतो. इथे साचलेले पाणी वाढत गेले की पंख्याच्या तोंडातून किंवा तारांच्या रबरी बुचातून केबिनमध्ये उतरते. ऑडीच्या काही जुन्या मॉडेलांत तर बॅटरी याच पन्हळीत बसवलेली आहे आणि निचऱ्याचे एक तोंड तिच्या खाली दडलेले असते. मुठीएवढ्या पानांमुळे कार्पेटखालची महाग नियंत्रण-पेटी निकामी होऊ शकते, म्हणून वर्षातून दोनदा, पानगळीनंतर आणि बर्फ वितळल्यावर, ही जागा साफ करावीच.

चौथी तपासणी : छताचे निचरे

काचेच्या छताविषयी एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. लोकांना वाटते की छताच्या कडेचे रबर पाणी पूर्णपणे अडवते आणि पाणी आत आले म्हणजे रबर खराब झाले. प्रत्यक्षात थोडे पाणी रबराच्या आत येणार हे गृहीत धरूनच रचना केलेली असते. ते पाणी छताच्या चौकटीतील पन्हळीत पडते आणि कोपऱ्यांतील बारीक नळ्यांमधून, दारांच्या खांबांच्या आतून, खाली जमिनीवर जाते. नळी तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी छताच्या कापडावर, खांबाच्या आतून कार्पेटवर किंवा मागे डिकीत उतरते. म्हणून बाहेरून सिलिकॉन भरणे हा उपाय नाही. त्याने छताची हालचाल बिघडते आणि तुंबलेली नळी तुंबलेलीच राहते.

छत उघडून पन्हळ ओल्या मऊ फडक्याने पुसावी. मग गाडी सपाट जागी उभी करून प्रत्येक कोपऱ्यात अर्धा कप पाणी अगदी सावकाश ओतावे आणि कोणाला तरी खाली, चाकाजवळ, पाहायला सांगावे. पाणी लगेच पडले तर नळी मोकळी आहे. पडले नाही तर गवत कापायच्या यंत्राची मऊ नायलॉन दोरी, टोक गोल करून, हलक्या हाताने आत सरकवावी. अडथळा लागला की जोर लावू नये. दाबाची हवा तर मुळीच मारू नये, कारण त्या झटक्याने नळी खांबाच्या आत आपल्या जोडावरून निसटते, आणि मग जे पाणी आधी कधीतरी गळत होते ते प्रत्येक पावसात थेट केबिनमध्ये येते. मागच्या नळ्यांची तोंडे बहुतेक गाड्यांत सहज दिसत नाहीत. त्या मोकळ्या होत नसतील तर तिथेच थांबावे.

मुंबई-पुण्यात काचेच्या छताच्या गाड्या वापरणाऱ्यांनी हीच तपासणी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी करावी. तिथे मीठ नसते, पण धूळ आणि झाडांचा कचरा तेच काम करतो.

पाचवी तपासणी : दारे आणि एसीचे पाणी

दाराच्या काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोकळीत जाते आणि खालच्या कडेतील चिरांमधून बाहेर पडते. या चिरा मीठ आणि मातीने बुजतात. प्लास्टिकच्या काडीने त्या मोकळ्या कराव्यात. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो. चिरा मोकळ्या असूनही आतल्या उंबऱ्यापाशी ओल येत असेल, तर दाराच्या आतील पाणी अडवणारा पडदा सुटला आहे.

तो पडदा पुन्हा चिकटवणे दिसायला सोपे आहे, पण मी ते घरी करू नये असे सांगतो. अनेक आधुनिक गाड्यांत बाजूने धडक बसल्याचे ओळखणारा सेन्सर दाराच्या पोकळीतील हवेच्या दाबावर चालतो. पडदा अर्धवट बसला तर पाणी थांबेलही, पण एअरबॅगच्या वेळेवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

एसीसाठी उबदार दिवशी पंधरा-वीस मिनिटे एसी चालवून गाडीखाली पाण्याचे थारोळे होते का, एवढेच पाहावे. दमट हवेत ते व्हायलाच हवे. झाले नाही तर निचऱ्याची नळी खालून मोकळी करावी लागते आणि त्यासाठी गाडी लिफ्टवर हवी. हवेवर चालणारे सस्पेन्शन असलेली गाडी साध्या जॅकवर उचलून कोणीही तिच्याखाली शिरू नये.

मीठ काढणे आणि वाळवणे

गळती नाही किंवा ती बंद झाली, याची खात्री झाल्यावरच हे काम करावे. मीठ काढण्यासाठी खरे औषध पाणीच आहे. कोमट पाण्याचा फवारा मारावा, काही मिनिटे थांबावे, ओले ओढणाऱ्या व्हॅक्यूमने दाबून दाबून ते पाणी परत ओढावे आणि हेच पुन्हा पुन्हा करावे. पांढऱ्या कडक डागांवर पाणी आणि पांढरे व्हिनेगर समभाग मिसळून लावावे, कारण त्याने पाण्याला दाद न देणारे चुन्यासारखे अवशेष सुटतात. पुरे झाले हे ओळखण्याचा एक नेमका मार्ग आहे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पिण्याच्या पाण्यासाठी मिळणारा टीडीएस मीटर आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतो. ओढून काढलेल्या पाण्याचे माप नळाच्या पाण्याच्या मापाजवळ आले की मीठ निघाले. ते अजून हजारांत असेल तर निघालेले नाही, कार्पेट कितीही स्वच्छ दिसो.

एका वेळी थोडेच पाणी वापरावे. सीटखालच्या जोडण्यांवर फवारा जाऊ देऊ नये आणि सीटच्या बैठकीवर तर तो मारूच नये, कारण तिच्यात गरम करणाऱ्या तारा आणि माणूस बसल्याचे ओळखणारा सेन्सर असतो. नंतर कार्पेटची कड उचलून खाली लाकडी ठोकळे सरकवावेत, गाडी गॅरेजमध्ये ठेवून आत डिह्युमिडिफायर (हवेतील बाष्प ओढून घेणारे यंत्र) आणि लहान पंखा लावावा आणि काचा बंद ठेवाव्यात. दोन-तीन दिवस तरी लागतात. एप्रिलच्या उन्हात दारे उघडी टाकून वरचे कापड वाळते, खालचा फोम वाळत नाही. उघड्या तारेचा हीटर गाडीत कधीही ठेवू नये.

चामड्यासाठी पीएच उदासीन असलेला क्लीनर आधी फडक्यावर घ्यावा. बारीक छिद्रांच्या, हवा खेळणाऱ्या सीटवर थेट फवारल्यास द्रव पंख्यांपर्यंत उतरतो. अल्कांटारा, म्हणजे मखमलीसारखे कृत्रिम कापड, भिजवू नये. किंचित ओल्या फडक्याने पुसून वाळल्यावर मऊ ब्रशने लव उभी करावी.

बाहेरची सफाई

बाहेरून सुरुवात गाडीच्या तळापासून करावी, कारण रंगावरचे मीठ डोळ्यांना दिसते आणि पुसले जाते, पण चाकांच्या कमानीतील नमद्यासारख्या अस्तरात आणि उंबऱ्याखालच्या जोडांत बसलेले मीठ तापमान वाढताच अधिक वेगाने गंज धरवते. गरम गॅरेजमध्ये न धुतलेली गाडी म्हणूनच बाहेर थंडीत उभ्या गाडीपेक्षा लवकर गंजते. हे धुणे स्वतः धुण्याच्या सार्वजनिक केंद्रावर करावे. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात गेलेले खारे, तेलकट पाणी प्रक्रिया न होता ओढ्यांत आणि सरोवरात जाते. दाबाच्या पाण्याची तोटी रबरी कडा, कॅमेरे आणि सेन्सर यांपासून निदान ३० सेंटिमीटर दूर ठेवावी.

मग फेस लावून, माती सुटल्यावर पाणी मारून, दोन बादल्यांच्या पद्धतीने, म्हणजे एकीत साबणाचे पाणी आणि दुसरीत फडके खळबळण्याचे साधे पाणी ठेवून, धुवावे. चाके आणि खालच्या पत्र्यावरील लोखंडी कणांसाठी मिळणारे द्रावण जांभळे झाले की ते काम करते आहे असे समजावे, पण वाळू देऊ नये. मॅट, म्हणजे चमक नसलेल्या रंगाच्या गाडीवर क्ले (रंगावरचे कण ओढणारी मऊ माती), पॉलिश किंवा साधे मेण कधीही वापरू नये, कारण त्यातून उठणारे चमकदार ठिपके काढता येत नाहीत.

इथे थांबावे

कार्पेटखाली पाणी उभे असेल, एअरबॅगचा दिवा लागला असेल किंवा कार्पेट काढण्यासाठी सीट सोडवाव्या लागणार असतील, तर व्यावसायिकाला बोलवावे. सीटखालच्या पिवळ्या जोडण्या एअरबॅग आणि सीटबेल्टच्या असतात. त्यांना हात लावू नये. हायब्रीड किंवा विजेच्या गाडीत नारिंगी तार ओलीजवळ दिसली तर गाडी सुरूही करू नये. समोरच्या काचेच्या चिकटणातून गळती असेल तर काच काढून पुन्हा बसवावी लागते, तेही घरचे काम नव्हे. बुरशी सीट आणि छताच्या कापडावर पसरली असेल आणि घरात कोणाला दमा असेल, तर स्वतः घासत बसू नये.

वर्कशॉपमध्ये जाताना कागदी टॉवेलांची नोंद आणि ओल्या जागांची छायाचित्रे बरोबर न्यावीत. केवळ 'वास येतो' असे सांगितले तर बहुधा फिल्टर बदलून आणि सुगंधी फवारा मारून गाडी परत मिळते. 'पावसानंतर मागे डावीकडे भिजते, दमट दिवशी भिजत नाही' असे सांगितले तर शोध नेमक्या जागी सुरू होतो. पाण्याची चाचणी खालून वर, एका वेळी एकाच भागावर पाणी सोडून करावी, असा आग्रह धरावा; संपूर्ण गाडीवर एकदम पाणी सोडले तर ते आत आले एवढेच कळते, कुठून आले हे कळत नाही. दुरुस्तीनंतर गळतीची नेमकी जागा बिलावर लिहून घ्यावी आणि जूनच्या पहिल्या दमट आठवड्यात तेच कागद त्याच जागी पुन्हा ठेवून पाहावेत.